झाकण राहून गेलं होतं

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर एका रविवारी मी बायकोचं पापडाचं प्लास्टिक भंगारात काढलं.

आमच्या माळ्यावर एक जाड, पारदर्शक प्लास्टिक घडी घालून ठेवलेलं असे. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, वरून सुतळी बांधलेली. मी त्या दिवशी सकाळी एका महिला बचत गटापुढे 'घरातलं प्लास्टिक घराबाहेर कसं काढावं' यावर बोलून आलो होतो, आणि बोलून आलेल्या माणसाच्या अंगात ते भाषण संध्याकाळपर्यंत राहतं. मी माळ्यावर चढलो, गाठोडं सोडलं, प्लास्टिक पिवळं पडलेलं पाहून मनातल्या मनात बायकोची कीव केली आणि ते माझ्या भंगाराच्या शेडात नेऊन गठ्ठ्यात घातलं. लुगडं तेवढं परत आणलं, कारण ते प्लास्टिक नव्हतं.

उन्हाळा लागला आणि गल्लीतल्या बाया कुरडया घालायला आमच्या गच्चीवर आल्या, तेव्हा मला कळलं की त्या प्लास्टिकवर आमच्या गल्लीचा निम्मा उन्हाळा चालत असे. ते माझ्या सासूबाईंनी लेकीला दिलेलं होतं, पाळीपाळीने पाच-सहा घरांत फिरत असे, आणि त्यावरून कुरडई वाळली की आपसूक सुटत असे. मी त्याच दिवशी बाजारातून नवंकोरं, चकचकीत प्लास्टिक आणलं. त्याला कुरडई अशी चिकटली की बाया उलथन्याने खरवडत बसल्या. कुंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, तो चुरा डब्यात भरला. आणि त्या वर्षी माझ्या ताटात कुरडई वाढली नाही.

असा मी प्लास्टिकमधला जाणकार.

शहराला चिकटलेल्या नालवाडीच्या टोकाला माझं पत्र्याचं शेड आहे. लोक त्याला भंगारचं दुकान म्हणतात. माझी मुलगी तिच्या मैत्रिणींना 'बाबांचं पुनर्प्रक्रियेचं काम आहे' असं सांगते. सासरी, कारंजा घाडगेला, 'जवाई डबडे जमा करते' एवढ्यावर विषय संपतो. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घराघरांतून आलेलं प्लास्टिक आम्ही जातीजातीने वेगळं करतो, दाबून त्याचे गठ्ठे बांधतो आणि नागपूरकडच्या कारखान्यात पाठवतो. तिथे ते चिरून, धुऊन, वितळवून त्याचा साबुदाण्याएवढा दाणा पाडतात. त्या दाण्याच्या पुढे बादल्या होतात, खुर्च्या होतात, शेतातले पाइप होतात. कारंज्याच्या वाटेवर संत्र्याच्या बागेत काळा पाइप पसरलेला दिसला की मला उगाच वाटतं, यात आपल्या गल्लीतली एखादी दुधाची पिशवी असेल. खात्री काहीच नसते, पण गाडीवर जाताना माणसाने काहीतरी वाटून घ्यायला हवं.

प्लास्टिकची जात ओळखणं फार कठीण नाही. दुधाची पिशवी मऊ असते, मुठीत आवळली की गप्प बसते. पाण्याची बाटली मुरगाळली की कुरकुर करते. तेलाचा कॅन ठणठणीत, त्यावर टिचकी मारली तर तो उलट बोलतो. वेफर्सचं पाकीट, जे आतून चांदीसारखं चमकतं, ते मुठीत चुरगाळून सोडलं की पुन्हा उलगडतं. अशा पाकिटाला आमच्या धंद्यात कोणी जवळ करत नाही, कारण त्यात दोन-तीन जातींचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते वेगळे होत नाहीत. लोकांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. सगळ्यात जास्त तेच तर घरात येतं.

पण खरी अडचण जातीची नसते, खरकट्याची असते. दह्याचा एक न धुतलेला डबा अख्ख्या गठ्ठ्याची वाट लावतो. एका मे महिन्यात आमच्याकडून असा गठ्ठा गाडीत चढला. ड्रायव्हर वाटेतल्या सेलूपर्यंत गेला आणि तिथून परत आला. 'हे प्लास्टिक हाय का मयत हाय?' एवढंच विचारून त्याने माल उतरवून ठेवला. कारखान्यातही घाणेरडा माल बाजूला काढतात, आणि बाजूला काढलेला माल शेवटी कुठेतरी पेटतो. आपल्याकडे तर चूल पेटवायला दुधाची पिशवी लावायची जुनी सवय आहे. लवकर पेटते, हे खरं. पण तो काळा धूर आधी चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जातो, मग आढ्याला लागतो.

म्हणून मी गल्लोगल्ली सांगत फिरू लागलो. धुवा, वाळवा, मग द्या. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका, लटकता ठेवा, कारण तो चिमुकला तुकडा कोणीच वेचत नाही, तो नालीत जातो. लेबल काढा. झाकण वेगळं करून द्या, ते दुसऱ्या जातीचं असतं. लोक ऐकू लागले. सावंगीच्या होस्टेलमधली एक मुलगी दर शनिवारी थैली भरून आणायची आणि एकेक वस्तू वर धरून 'अंकल, ये चलेगा?' विचारायची. एकदा तिने स्वतःच्या स्कूटीचा फुटका आरसा वर धरला. मी म्हटलं, पोरी, यात फक्त तुझा चेहरा चालेल. आणि आमच्या मागच्या ओळीतले निवृत्त पोस्टमास्तर तर दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, गादीखाली ठेवून इस्त्री केल्यासारख्या सपाट करून आणत. त्यांच्या सौभाग्यवतींनी एकदा मला रस्त्यात थांबवून विचारलं की, भाऊ, तुम्ही यांना 'इतकं नका करू' असं सांगाल का, रात्री कूस बदलली की गादी घसरते.

या सगळ्या भाषणांत एक गोष्ट मी सांगत नव्हतो. फवारणीच्या औषधाचे डबे. त्यांचा नियम वेगळा आहे आणि तो मला चांगला ठाऊक होता. औषध संपलं की डबा तीनदा विसळायचा, ते पाणी फवाऱ्याच्या पंपातच ओतायचं, आणि डब्याच्या बुडाला भोक पाडून तो वेगळा द्यायचा. भोक अशासाठी की त्या डब्यात पुन्हा कोणी काही भरू नये. डबा कितीही धुतला तरी प्लास्टिकने थोडं औषध प्यालेलं असतं, आणि ते हळूहळू परत सोडतं. माझ्या शेडात अशा भोकाच्या डब्यांसाठी एक कोपराही होता. पण शहरातल्या बायकांपुढे हे कशाला सांगायचं, असं मला वाटे. इथे कोण फवारणी करतं?

विमलबाई करत होत्या. म्हणजे त्यांचे यजमान करत होते. घर नालवाडीत, शेत पलीकडच्या खेड्यात, आणि बाई माझ्या भाषणांना पहिल्या ओळीत.

गेल्या दसऱ्याच्या आधी कुंदाच्या भावाचा, प्रशिकचा, कारंज्याहून फोन आला. दसऱ्याला अमरावती-अकोल्याकडून हजारो माणसं नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. जीप, ट्रक, मोटारसायकली, सगळे त्याच हायवेने. कारंज्याची मंडळी दरवर्षी एका ढाब्याच्या बाजूला मांडव टाकतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी पाजतात, पोहे देतात. बोअरचं पाणी थोडं लांब, तिथून मोटारसायकलवर आणायला कॅन हवे होते. भाऊजींकडे डबडेच डबडे, मग विकत कशाला घ्या.

सासरहून काही मागणं यावं आणि ते माझ्या शेडात असावं, असा योग क्वचित येतो. तेलाचे वगैरे चांगले कॅन आम्ही बाजूला ठेवतोच, कोणाला लागले तर द्यायला. मी देवरावला, म्हणजे माझ्या शेडातल्या जुन्या सोबत्याला, सांगून त्यातले सगळ्यात स्वच्छ पाच लिटरवाले निवडले. एक पांढराशुभ्र कॅन आदल्याच दिवशी आला होता. लेबलाचा मागमूस नाही, आत बोट फिरवलं तर चर्र वाजावं इतका धुतलेला, वास फक्त साबणाचा. तो मी उंच धरून देवरावला दाखवला आणि म्हटलं, याला म्हणतात धुणं. झाकण नव्हतं, पण प्रशिकला मी सांगितलं, झाकणांच्या पोत्यातून जुळवून घे. तो घाईत होता. मूठभर झाकणं उचलून, कॅन गाडीत टाकून गेला. वापरलेली वस्तू पुन्हा वापरणं हीच खरी पुनर्प्रक्रिया, हेही मी त्याला गाडीच्या खिडकीतून ऐकवलं.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी शेड झाडून, हार लावून उभा होतो. थोड्या वेळाने आम्हीही कारंज्याला जाणार होतो. तेवढ्यात विमलबाई आल्या. हातात एक लाल झाकण.

"भाऊ, थ्या मोठ्या कॅनचं झाकन राह्यलं होतं माह्याकडं. तुमी म्हनलं होतं ना, झाकन बी द्या."

मी झाकण हातात घेतलं. रुंद तोंडाचं, कडेला दाते असलेलं. हे झाकण तेलाच्या कॅनला नसतं. हे मी फक्त एका कोपऱ्यात पाहिलेलं होतं.

"कोन्या कॅनचं, बाई?"

"पांढऱ्या. गवत मारायच्या औषदाची होती. गोठ्यात पडून राह्यली होती सारा पावसाळा. साबन लावला, मंग राख लावली, मंग गरम पानी. लेबल तर नखानं काढलं. आता पाहा तुमी, दुधाचीच वाटते."

त्या खरोखर आनंदात होत्या. मी भोक पाडलं का विचारलं, तर त्यांना ते अगदीच नवल वाटलं. इतक्या चांगल्या कॅनला भोक काऊन पाडायचं?

मी देवरावकडे पाहिलं. देवराव पत्र्याकडे पाहत होता.

"काल आपुनच देली ना जी थे," तो हळूच म्हणाला. "साऱ्यायच्या वरती ठेवली होती तुमी."

प्रशिकला फोन लावला. वाजत राहिला. मांडवात गाण्यांचे भोंगे लावलेले असणार, त्याला काय ऐकू येणार? मग सासूबाईंना लावला. त्या तिथेच खुर्ची टाकून बसलेल्या होत्या. मी काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, जवाई, लवकर या, पानी कसं गारेगार हाय, म्या दोन गिलास पेली. प्रशिकला फोन द्या, असं मी तीनदा ओरडून सांगितलं. त्यांना ऐकू आलं ते एवढंच की जावई येतोय. खरं कारण त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. माझ्या सासूबाई अतिशय प्रेमळ आहेत आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी ते सरळ भोंग्यावरून सांगितलं असतं, आणि त्या रस्त्यावर काय झालं असतं, याची कल्पनाही मला करवेना.

कुंदाला मी फक्त एवढंच कळवलं की माझं काम निघालं, तू मुलीसोबत बसने ये. हे सांगताना माझा आवाज इतका गोड निघाला की तिने नक्कीच ओळखलं असेल की मी काहीतरी करून ठेवलंय.

मालाची छोटी गाडी काढली. विमलबाई न विचारता शेजारी चढून बसल्या, झाकण मुठीत. मी म्हटलं, तुम्ही कशाला? त्या म्हणाल्या, माझी कॅन मीच ओळखीन.

रस्ताभर त्या मुठीतलं झाकण फिरवत राहिल्या. सुरुवातीचा आनंद कधीच उतरला होता. मी त्यांना समजावत होतो की एवढ्या धुतलेल्या कॅनमध्ये असं किती उरलं असणार, कदाचित कोणाला काही होणारही नाही. पण मी स्वतःच त्या 'कदाचित'ला चिकटून बसलो होतो, ते त्यांना दिसत होतं. मांडवात येणारं माणूस कुठून कुठून आलेलं असतं, तहानलेलं असतं, आणि समोरच्याच्या हातातलं पाणी काही न विचारता पितं. त्याला 'कदाचित' पाजायचं नसतं.

बऱ्याच वेळाने विमलबाई म्हणाल्या, "तुमीच सांगतलं होतं जी, चकचकीत धुवा म्हनून."

"हो."

"मी त आयकलं."

"तुमचं काही चुकलं नाही, बाई."

"मंग कोनाचं चुकलं?"

मी गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

मांडवापुढे ही गर्दी. पांढरे कपडे, निळे झेंडे, ट्रकच्या टपावर बसलेली माणसं, 'जय भीम' म्हणत पुढे होणारे पेले. प्रशिक कॅन खांद्यावर घेऊन पाणी वाटत होता. मला पाहून तो खूश झाला. मी त्याला ढाब्याच्या मागे नेलं आणि सांगितलं. तो आधी हसला. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि खांद्यावरचा कॅन खाली ठेवला.

पुढच्या गोष्टी त्याने माझ्यापेक्षा नीट केल्या, हे कबूल केलं पाहिजे. भोंग्यावरून त्याने सांगितलं की पाणी बदलत आहोत, दोन मिनिटं थांबा, तोवर पोहे घ्या. ढाब्यावाल्याकडून स्टीलचा मोठा ड्रम मागून आणला. सगळे कॅन मागे गोळा केले, आणि आम्ही एकेक रिकामा करायला लागलो.

आता ओळखायचा कसा? आदल्या रात्री मंडळींनी सगळे कॅन पुन्हा घासले होते. उन्हात ठेवलेले ते पांढरे कॅन एका आईच्या लेकरांसारखे दिसत होते. विमलबाई एकेकापुढे बसून पाहत होत्या आणि मान हलवत होत्या. शेवटी त्या उठल्या, झाकण पुढे केलं आणि म्हणाल्या, हे बसवून पाहू.

मग बाई खाली बसलेल्या, मी एकेक कॅन त्यांच्यापुढे सरकवतोय, त्या झाकण फिरवताहेत, असा कार्यक्रम सुरू झाला. पोहे खाणारे लोक बघायला आले. एकाने विचारलं, कोण्या कंपनीची स्कीम आहे का? एका कॅनवर झाकण टेकलं आणि अर्धं फिरलं. पण पुढे ते आट्यांवरून घसरलं. तो कॅन नव्हता. एकही नव्हता. आणि मोजले तर दोन कॅन कमी भरले.

प्रशिकने कपाळाला हात लावला.

"भाऊजी, एक त मी जीपवाल्याले देली. सकाळीच. अकोल्याकडचे लोकं होते, म्हातारी होती त्यायच्यासंग, लेकरू होतं लहान. त्यायच्याजवळ पानी नव्हतं. म्हनलं, भरलेली कॅनच घेऊन जा."

"झाकण होतं तिला?"

"होतं ना. मी सोता लावलं. पक्कं बसलं."

औषधाच्या कॅनचं तोंड रुंद असतं, पोत्यातलं झाकण त्यावर पक्कं बसायला नको. हे मला ठाऊक होतं. पण प्रशिकचं 'पक्कं'ही मला ठाऊक होतं. त्याने पक्कं बसवलेला आमच्या गच्चीचा नळ अजून गळतो. ती जीप एव्हाना नागपूरच्या अलीकडे कुठेतरी असणार होती. गाडीचा नंबर नाही, माणसांचं नाव नाही. त्या लाखांच्या गर्दीत एक म्हातारी, एक लेकरू आणि एक पांढरा कॅन कुठे शोधणार? आणि दुसरा कमी असलेला कॅन कुठे गेला, ते प्रशिकला ठाऊक नव्हतं. मी ढाब्याच्या बाजेवर बसलो. या धंद्यात माझे हात कापले आहेत, गठ्ठा पायावर पडला आहे, एकदा शेडाच्या मागचं गवत पेटून आग पत्र्यापर्यंत आली आहे. पण भीती कशाला म्हणतात, ते मला त्या बाजेवर कळलं.

सासूबाई मांडवाच्या तोंडाशी, झेंड्याजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. मघापासूनचं हे झाकणकांड त्या लांबून पाहत होत्या. आता त्यांनी मला हाक मारली.

"जवाई, काय बसवून पाहून राह्यले तुमी मघापासून?"

मी म्हटलं, एक कॅन हरवला आहे. बिनझाकणाचा.

"बिनझाकनाचा?" त्या म्हणाल्या. "थो त माह्या बाजूले हाय."

मी पाहिलं. पंचशील ध्वजाचा बांबू एका पांढऱ्या डब्यात उभा होता. डबा वरून कापलेला, आत काठोकाठ रेती.

सासूबाई सांगू लागल्या. सकाळी हवा फार होती, बांबू सारखा आडवा होत होता. कॅन गाडीतून उतरवले, तेव्हा त्यांनी पाहिलं की एकाला कोणतंच झाकण बसत नाही. तसल्या कॅनमध्ये पाणी भरून मोटारसायकलवर आणलं तर निम्मं रस्त्यातच सांडणार.

"म्हनून म्या पोट्ट्यायले म्हनलं, कापा याचं तोंड. याच्यात पानी सांडते, रेती त नाई सांडत."

"त्यात आधी पाणी भरलं होतं का?"

"कायले भरन? झाकनच नाई त पानी कायले भरन?"

विमलबाई आमच्यापुढे निघून गेल्या होत्या. मांडवाच्या मागे, जिथे सकाळचे बांबूचे तुकडे आणि सुतळ्या पडल्या होत्या, तिथे त्या वाकून काहीतरी शोधत होत्या. कापलेलं तोंड त्यांना सापडलं, मुठीसकट. त्यांनी पदराने माती पुसली, झाकण ठेवलं आणि फिरवलं. ते न अडखळता शेवटपर्यंत गेलं आणि टक् करून बसलं.

तो एवढासा आवाज मी आजही कानात ठेवला आहे.

विमलबाई तिथेच मातीत बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. प्रशिकने मला मिठी मारली, मग काय झालं हे विचारणाऱ्या सगळ्यांना तो सांगत सुटला की काही नाही, भाऊजींची एक कॅन सापडली. एका कॅनसाठी हा माणूस इतका घामाघूम झाला, असं म्हणून लोक माझ्याकडे आदराने की दयेने पाहू लागले, ते मला कळलं नाही. सासूबाईंना शेवटी मीच खरं सांगितलं. त्यांनी ते भोंग्यावरून सांगितलं नाही. त्या उठल्या आणि स्टीलच्या ड्रममधलं पाणी स्वतः आणून मला दिलं. मी ते उभ्याने घटाघटा प्यालो. सकाळपासून मी पाण्याचा घोट घेतला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं.

झेंडा संध्याकाळपर्यंत तसाच उभा राहिला. उतरवल्यावर विमलबाईंनी ढाब्यावाल्याकडून लोखंडी सळई मागितली आणि त्या डब्याच्या बुडाला भोक पाडलं. एक पुरे होतं, त्यांनी चार पाडली.

तेव्हापासून माझं भाषण उलटं झालं आहे. आधी मी सांगतो की काय घासूनपुसून द्यायचं नाही. औषधाचा, फिनाइलचा, ॲसिडचा डबा कितीही चकचकीत झाला तरी तो ओळखू यायला हवा. त्याचं लेबल राहू द्या, त्याला भोक पाडा, तो वेगळा द्या. बाकीचं सगळं धुवा, वाळवा, जरूर द्या. घरातलं प्लास्टिक घरातच वेगळं झालं तर त्याचा दाणा होतो, नाहीतर धूर होतो, हे मी पूर्वीइतक्याच जोरात सांगतो. शेडाच्या दाराशी भोक पाडायला टोच्या टांगला आहे. कोणी डबा आणला की पहिला प्रश्न, यात काय होतं? शेजारी विमलबाई बसलेल्या असल्या तर हा प्रश्न त्या विचारतात, आणि त्यांचं विचारणं माझ्यापेक्षा कडक असतं. पोस्टमास्तरांनासुद्धा त्या सोडत नाहीत. एक रुखरुख मात्र राहिली. इतकी वर्षं मी लोकांना प्लास्टिकची जात सांगत आलो, त्याने आयुष्यात काय काय पोटात घेतलं, हे विचारायचं राहून गेलं.

दसऱ्याच्या त्या रात्री आम्ही नालवाडीला परतलो. कुंदा आणि मुलगी दुपारी बसने मांडवात पोचल्या होत्या, पण तिथल्या गडबडीत मी कुंदाला काहीच सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर हातपाय धुऊन, पाटावर बसून मी तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. झाकण टक् करून बसलं तो भाग जरा रंगवूनच सांगितला. ती पोळ्या लाटत ऐकत होती. मध्ये एकदाच तिने विचारलं, आई प्याली होती का त्या कॅनमधलं? मी म्हटलं, नाही, त्यात पाणी भरलंच नव्हतं. तिने मोठा श्वास सोडला, गॅस बंद केला आणि आत गेली. बाहेर आली ती एक पांढरा कॅन घेऊन. मागे कधीतरी मीच शेडातून आणून दिला होता, तुरीची डाळ ठेवायला. रिकामा होता. तिने तो माझ्यापुढे, ताटाच्या जागी ठेवला, बाजूला टोकदार पेचकस ठेवला, आणि म्हणाली, "डाळ म्या पितळी डब्यात काढली. याले अगोदर भोक पाडा, मंग वाढते."